दातातलं नवरात्र

माझ्या गळ्यातल्या गाठीची वाटणी झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. अकरा टक्के बाहेरची, एकोणनव्वद टक्के आतली. आमच्याकडे वाटण्या जमिनीच्या होतात, आंब्याच्या कलमांच्या होतात, गणपतीच्या पाळीच्या होतात आणि त्यांवरून सख्खे भाऊ जन्मभर कोर्टात भांडतात. कर्करोगाची वाटणी मात्र आमच्याच पिढीच्या नशिबी आली.

मी शर्वी केळुसकर, आंबेखोलची. खाडीपलीकडच्या अणुवीज केंद्रातून २०३१ साली गळती झाली तेव्हा मी चौदा महिन्यांची होते. बाबा तेव्हा बोटीवर नोकरीला होते आणि अजूनही बोटीवरच असतात, त्यामुळे आमच्या घरात घर म्हणजे आई. तिचं नाव रसिका. गेल्या वर्षी माझी थायरॉईडची ग्रंथी काढली. आता सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि गळ्यावर आडवा व्रण, एवढंच काय ते उरलंय. मी आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये काम करते. तिथे प्रत्येक पेटीवर किरणोत्साराचा आकडा छापलेला स्टिकर लावावा लागतो, तो मी लावते. गिऱ्हाईक आधी आकडा बघतं, मग आंबा.

वाटणी करणाऱ्या यंत्राचं नाव दंतवाचक. ते ज्यांनी बनवलं त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. शिव्या द्यायला दुसरी माणसं भरपूर आहेत.

गोष्ट अशी आहे. थायरॉईडला काम करायला आयोडीन लागतं. पण आयोडीन साधं आहे की किरणोत्सारी, हे तिला कळत नाही. रक्तातून येईल ते ती उचलते आणि साठवते. गळतीतून उडालेलं आयोडीन गवतावर बसतं, गवत गाय खाते आणि दोन दिवसांत ते दुधात उतरतं. लहान मुलाची ग्रंथी एवढीशी आणि दूध पोटभर, म्हणून सगळ्यात जास्त मार मुलांना बसतो. हा झाला आतला किरणोत्सार. बाहेरचा वेगळा. तो डोक्यावरून जाणाऱ्या ढगातून आणि पायाखालच्या मातीतून येतो, आणि अंगाला कुठून कसा लागला ते कळतही नाही.

अडचण अशी की हे घातक आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. तीन-चार महिन्यांत औषधालाही उरत नाही. त्यामुळे पूर्वी अशा अपघातांनंतर कुणाच्या आत किती गेलं, हे माणसांना विचारूनच ठरवायचे. तेव्हा दूध किती प्यायलात? भाजी कुठली खाल्लीत? बाहेर किती वेळ होतात? वीस वर्षांनी हे कुणाला आठवणार? आणि आठवलं तरी खरं कोण सांगणार?

पुण्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी माणसाला विचारायचं सोडून त्याच्या दाढेला विचारायचं ठरवलं. मुलाची पहिली पक्की दाढ जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत घडत असते. तिच्यावरचं इनॅमल रोज एक पातळ थर असं चढतं आणि चढलं की पुन्हा बदलत नाही. गळतीतून त्या घातक आयोडीनबरोबर त्याचा एक भाऊबंदही बाहेर पडतो. तो फारसा अपाय करत नाही, पण कोट्यवधी वर्षं टिकतो. ज्या दिवशी रक्तात तो जितका असेल तितका त्या दिवसाच्या थरात अडकतो. दंतवाचक दाढेचा बारीकसा कपचा घेतो, एकेक थर उडवतो आणि त्यातले अणू मोजतो. त्यावरून त्या दिवशी आत काय गेलं ते काढता येतं. बाहेरून लागलेले किरण त्याच इनॅमलमध्ये निराळी खूण ठेवतात. त्यांच्या माऱ्याने स्फटिकातले काही इलेक्ट्रॉन जागचे हलून अडकून बसतात आणि तेही मोजता येतात. म्हणजे एकाच दाढेतून बाहेरचा हिशेब वेगळा आणि आतला वेगळा. त्यात वय घालायचं, बाई की पुरुष ते घालायचं, की या माणसाला थायरॉईडचा कर्करोग होण्याचा धोका किती, हे बऱ्यापैकी अचूक सांगता येतं.

धोका आधी कळावा, मुलांची वेळेवर तपासणी व्हावी, एवढ्यासाठीच हे होतं. पण कायदा करणाऱ्यांना त्यात भलतंच दिसलं. गळतीच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने सूचना काढली होती: लहान मुलांना गाई-म्हशीचं दूध देऊ नये, प्रत्येकाने आयोडीनची गोळी घ्यावी. मग बाहेरून जे लागलं ते केंद्राच्या माथी आणि सूचनेनंतर जे आत गेलं ते घरच्यांच्या माथी. नियमात याला नाव आहे 'घरगुती कसूर'. आजार झालेल्या प्रत्येकाचा असा निकाल लागतो आणि दोष कुणाचा, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतं. आमच्या वाडीतल्या एका मुलाने बापाशी बोलणं टाकलंय, कारण बापाने तेव्हा दही खायला घातलं होतं. एक सून माहेरी निघून गेली ती आलीच नाही. केंद्राचे वकील आता पूर्वीसारखे घामाघूम होत नाहीत. भांडायला आम्ही एकमेकांना पुरतो.

माझा निकाल आला तेव्हा आई चुलीपाशी होती. मी मोबाईलवर मोठ्याने वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर अडखळले. 'कारण: प्रतिबंधित काळात बालकास गाईचे दूध दिले. कसूर: घरगुती. जबाबदार व्यक्ती: माता.'

"काय म्हणता ता?" आईने विचारलं. मी पुन्हा वाचलं.

"मी तुका गायीचा दूध दिलंय नाय," आई म्हणाली. "एक थेंब नाय. तुझ्या वाटचा सगळा दूध मोरीत ओतलंय."

हे मला नवं नव्हतं. दूध ओतल्याची ही हकीकत मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्या गोठ्यात गाय होती. सूचना आली तशी आईने माझ्या दुधाची भरलेली चरवी उचलली आणि मोरीत उपडी केली. आजी ओरडली, लक्ष्मी ओतू नको म्हणाली, पण आई ऐकेना. त्या काळात सूचना अर्ध्या गावाने कानाआड केली, माझ्या आईने केली नाही. शिकलेली होती, बारावी सायन्स. ही गोष्ट ती प्रत्येक पाहुण्याला सांगायची. कधीकधी मला कंटाळा यायचा, पण मला तिचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

आता फलकावर तिचं नाव लागलं. शेजारच्या मंगलकाकीने ते वाचलं आणि विहिरीवर म्हणाली, "मोठा दूध ओतलंय म्हणान सांगी होती. आता दातान चहाडी केल्यान." चार बायका हसल्या. आईने कळशी भरली आणि तशीच घरी आली. तिने विहिरीवर जायचंच सोडलं. नळाला पाणी येईल तेव्हा भरायची, नाहीतर मला पाठवायची.

मला संताप आला. यंत्र चुकणार नाही म्हणता? मग माझी आई खोटी? मी हरकत अर्ज ठोकून दिला. आई नको म्हणत होती. "जांव दे गो, लोक चार दिस बोलतले," म्हणत होती. पण मी हट्टाला पेटले होते. मला त्यातून काही मिळवायचं नव्हतं. फलकावरचं तिचं नाव मला खाली उतरवायचं होतं, बस्स.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. एक लहानशी खोली, एक मोठा पडदा, आणि डॉक्टर राजाध्यक्ष नावाच्या बाई. पन्नाशीच्या, थकलेल्या, आवाज मऊ. मी मनात ठरवून गेले होते की समोरचा माणूस उर्मट असेल, म्हणजे भांडायला बरं. बाईंनी आईला आधी पाणी विचारलं. माझी तिथेच थोडी पंचाईत झाली.

"यंत्राने एवढंच सांगितलंय की आयोडीन पोटातून गेलंय, श्वासातून नाही," त्या म्हणाल्या. "श्वासातून गेलं असतं तर ते पहिल्या दोन दिवसांत दिसलं असतं, ढग वर होता तेव्हा. इथे ते नंतर चढलंय. लहान मूल आहे, आयोडीन दुधातूनच जास्त जातं, म्हणून गाईचं दूध धरलं. तो अंदाज आहे."

"अंदाजावर माझ्या आईचं नाव फलकावर?"

"नियम तसा आहे."

"मग मला रोजचा हिशेब दाखवा," मी म्हणाले. "दिवसागणिक. आमच्या गायीचं दूध मी प्यायलेच नाही, हे त्यात कुठेतरी दिसेलच."

बाईंनी पडद्यावर आलेख लावला. एक रेघ होती. सुरुवातीला खाली, जवळजवळ सपाट. मग चढत गेलेली, एका टोकाला पोचलेली, आणि तिथून एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली आलेली. बाई म्हणाल्या की हे पडणं त्यांनाही नीट उलगडलं नव्हतं. गावातल्या इतर मुलांच्या रेघा हळूहळू उतरत गेल्या होत्या, महिनाभर. माझीच अशी दोन दिवसांत का संपली, कळत नव्हतं. बहुधा गाय आटली असावी, असं कुणीतरी शेरा मारून ठेवला होता.

"गाय आटूक नव्हती," आई म्हणाली. ती खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली. तिने बोट लावलं. "ह्या काय? ह्यो दिवस?"

"गळतीचा दिवस."

"म्हणजे दुसरी माळ," आई म्हणाली. "भोंगो वाजलो तेव्हा मी माळ बांधी होतंय." तिचं बोट रेघेवरून पुढे सरकत होतं आणि ओठ हलत होते. तिसरी माळ, चौथी माळ. पाचव्या माळेला रेघ वर निघाली. नवव्या माळेला ती सगळ्यात उंच होती. मग ती पडली, तिथे आईचं बोट थांबलं.

"हंयसर घट उठले," ती म्हणाली. "दसरो."

मला काही कळलं नव्हतं. मला वाटलं, सापडलं! काहीतरी सापडलं, आपण जिंकलो. मी बाईंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरला होता.

"मुलगी तेव्हा अंगावर पीत होती का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"होय. गायीचा बंद केलंय मगे आंगावरच पाजूचंय. दिवसरात."

"आणि तुम्ही काय खात होतात?"

"उपास होतो माझो," आई म्हणाली. "नवरात्राचो. हिका आषाढात न्युमोनिया झालेलो, तेव्हा देवीक बोललंय, पोर वाचली तर नऊ दिवस नुसत्या दुधार रवान. अळणी. मीठ नाय, मासे नाय, काय नाय." आणि मग तिने स्वतःहूनच पुढचं सांगितलं, कारण तिला लपवायचं काहीच नव्हतं. "मुलांका नको म्हटलेल्यांनी. मोठ्यांका चलता म्हणाले. मी विचारलंय त्येंका."

"आणि गोळी?"

"तिची गोळी तिका दिलंय, वेळेर. माझी ठेवलंय. मिठाची गोळी म्हणान सांगितल्यानी, आणि माझो अळणी उपास. दसऱ्याक घेतंय म्हटलंय."

राजाध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी फार जपून सांगितलं, हे मी कबूल करते. पण अशी गोष्ट जपून सांगून कुठे जपली जाते? पावसाळा संपता संपता गवत भरात असतं, त्यामुळे आमच्या गायीच्या दुधात आयोडीन पुष्कळ उतरलं होतं. आई दिवसाला दोन-अडीच लिटर तेच पीत होती. थायरॉईडसारखंच बाईचं दूध तयार करणारं अंगही रक्तातलं आयोडीन ओढून घेतं आणि दुधात घट्ट करून भरतं, कारण बाळाला ते लागतं. गोळी घेतली असती, निदान साधं मीठ खाल्लं असतं, मासे खाल्ले असते, तर साध्या आयोडीनने थोडी आडकाठी घातली असती. तेही नव्हतं. माझ्या एका गोळीने मला एक-दोन दिवस सांभाळलं आणि मग तिचा असर संपला. तिथून पुढे रेघ चढत गेली. दसऱ्याला आईने मीठभात खाल्ला, दूध सोडलं आणि रेघ खाली आली.

माझा हात गळ्यावर गेला. मुद्दाम नाही, तो सवयीने जातो. शेडमध्ये काम करतानाही जातो, झोपेतही जातो. पण त्या क्षणी गेला आणि आईने तो पाहिला. मी घाईघाईने खाली घेतला, ते तर आणखीच वाईट झालं.

मग मी ओरडायला लागले. कुणावर तरी ओरडायला हवं होतं. "मोठ्यांना चालतं कुणी सांगितलं? पाजणाऱ्या बाईचं काय, हे सूचनेत का नव्हतं?"

"तेव्हाच्या गणितात प्रौढ माणूस म्हणजे दिवसाला दोन कप चहा, एवढंच दूध धरलं होतं," बाई म्हणाल्या. "तेवढ्याने फरक पडत नाही."

"नवरात्रात? आमच्याकडे निम्म्या बायका नऊ दिवस दुधावर असतात, हे धरलंच नव्हतं?"

"नाही."

"त्या समितीत एकाचीही आई उपास करत नव्हती?"

बाईंनी समितीची बाजू घेतली नाही. त्या चांगल्या होत्या, याचाच मला राग आला.

"मग हे केंद्राच्या माथी लिहा," मी म्हणाले. "आईने सूचना मोडलीच नाही. तुम्हीच आत्ता ऐकलंत."

"गोळी घेतली नाही," त्या म्हणाल्या. "सूचनेत गोळी होती. त्यामुळे कारण बदलेल, पण रकाना नाही. घरगुतीच राहील. दोनच रकाने आहेत." "तुमची हरकत खरी ठरलीय. गाईचं दूध दिलं नव्हतं, हे सिद्ध झालंय. हरकत पुढे चालवायची असेल तर मला दुरुस्त कारण नोंदवावं लागेल: मातेच्या दुधावाटे. फलकावर ते जाईल. हरकत मागे घेतलीत तर आहे तेच राहील. ठरवा तुम्ही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलली. ती परत खुर्चीवर येऊन बसली होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर पालथे होते.

"गायीचाच दूध लिवा."

"आई! तू दिलंस नाय तुका म्हायत असा!"

"गप रव."

"तुझा नाव पुसूक इलंय ना मी हंय? अख्खो गाव तुका खोटी म्हणता!"

"म्हणांदे." आई माझ्याकडे न बघता बाईंशी बोलत होती. "मीच दिलंय म्हणान लिवा. चोरून दिलंय. सूचना मोडलंय. कायव लिवा. माझ्या दुधाचा नाव थंय नको."

बाईंनी कळफलकावर काहीतरी केलं आणि टेबलावरचा छोटा पडदा माझ्याकडे फिरवला. अर्ज माझा होता, तेव्हा तो मागे घ्यायला अंगठा मलाच लावायचा होता. मी लावत नव्हते. मला वाटत होतं, खरं ते खरं, जगाला कळू दे की माझ्या आईने एकही नियम मोडला नाही, की तिने मला वाचवण्यासाठी जे जे सांगितलं ते ते केलं, आणि वर देवीलाही दिलेला शब्द पाळला. मग मी आईकडे पाहिलं. एवढी म्हातारी ती मला सकाळी दिसली नव्हती. मी अंगठा लावला.

परतीच्या एसटीत शेजारची जागा रिकामी असताना आई पुढच्या बाकावर जाऊन बसली. दोन तास मी तिचा अंबाडा बघत होते. मला हुंदका येत होता आणि तो गिळताना गळ्यावरचा व्रण ओढत होता. एकदा वाटलं, उठून तिच्याजवळ बसावं, म्हणावं, तुझं काय चुकलं? पण तोंडाने म्हणायची गोष्ट आणि तिने पाहिलेला माझा हात, यांतलं ती कशावर विश्वास ठेवणार होती?

फाट्यावर उतरलो तर मंगलकाकी मासळीची पाटी घेऊन उभी. तिला सगळं कळायला हवंच होतं. "काय झाला गो रसिका? पुसल्यानी नाव?"

"नाय," आई म्हणाली. तिने काकीच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "कसा पुसतले? माझीच चूक ती. पोर रडा होती, माका बघवला नाय. चोरून दिलंय वाटीभर. आजीक सुद्धा सांगूक नाय."

हसायचं काकी विसरूनच गेली. मग म्हणाली, "जांव दे, आवशीचा काळीज," आणि पाटीतले चार बांगडे काढून आईच्या पिशवीत घातले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की रसिकाने कबूल केलं. आता तिला कुणी टोमणे मारत नाही. उलट बायका हळहळतात. खोटं बोलल्यावर गावाने तिला माफ केलं, आणि जे खरं आहे ते ऐकायला कुणी येणार नाही. ती पुन्हा विहिरीवर जायला लागली. दूध ओतल्याची हकीकत मात्र ती कुणालाही सांगत नाही. कुणी काढलीच तर म्हणते, मी आपली उगाच बढाई मारायची.

त्या दिवसापासून आई मला जेवायला वाढत नाही. स्वयंपाक करते, सगळं करते, पूर्वीपेक्षा चांगलं करते. भात, बांगड्याचं तिखलं, कधी माझ्या आवडीची सोलकढी. सगळं झाकून ठेवते आणि मी घरात शिरले की पडवीत जाऊन बसते. चहासुद्धा कपात ओतून माझ्या हातात देत नाही. पातेलं खाली ठेवते आणि बाजूला होते. मी आजारी असताना हीच बाई मला चमच्याने पेज भरवत होती.

काल मी हट्टाने रिकामं ताट घेऊन बसले. म्हटलं, बघू किती वेळ. "आई, वाढ ना गो," मी हाक मारली. दोनदा मारली. ती आली. डाव उचलला, भाताच्या टोपात घातला आणि तिथेच तिचा हात थांबला. मी ताट पुढे केलं. माझा दुसरा हात मी मांडीखाली दाबून धरला होता, गळ्यापाशी जाऊ नये म्हणून.

"तुझा तूच घे गो," आई म्हणाली. "माझ्या हातचा नको."

डाव टोपात तसाच ठेवून ती बाहेर गेली. मग माझं मी वाढून घेतलं आणि जेवले.